नारळ वगळून पूल

करणपाड्याच्या पुलाला मोजमापाचं यंत्र लागणार असं ठरलं, तेव्हा पहिला नारळ कोणी फोडायचा यावरून गावात जुंपली. यंत्र काय करणार याची फिकीर कोणालाच नव्हती. ती होती एकट्या दलसिंग गिरासेला. दलसिंग बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता. ऑफिस तळोद्याला, पण घर पुलापलीकडे करणपाड्यात. त्याच्या म्हाताऱ्या आईला, नानीबाईला, डायलिसिससाठी नंदुरबारला जावं लागे आणि तिची एसटी याच पुलावरून जाई. पूल नापास झाला की एसटी बंद. मग डोंगराच्या कडेने खड्ड्याखड्ड्यांतून वळसा, आणि तो त्या म्हातारीच्या हाडांना सोसणारा नव्हता. पूल पास व्हावा, एवढंच त्याचं देवाकडे मागणं होतं.

पुण्याच्या एका कंपनीच्या कामिनी मॅडम यंत्र घेऊन आल्या. त्यांनी पुलाला जागोजागी सेन्सर चिकटवले आणि सगळे केबलने एकमेकांना जोडले. पूल केसाएवढा हलला तरी सेकंदाला हजारो वेळा त्याची नोंद होणार आणि ती त्याच क्षणी इंटरनेटवरून पुण्याला पोचणार, असं त्यांनी सांगितलं. दलसिंगला या घाईचीच धास्ती वाटली. सरकारी कागद पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माणसाला चूक निस्तरता येते.

यंत्र सुरू झालं आणि सरपंच भीमसिंग आप्पा पूजेचं ताट घेऊन हजर झाले. नवा ट्रॅक्टर असो की विहिरीवरची मोटर, नारळ फोडल्याशिवाय या भागात कोणी हात लावत नाही. मॅडम नको म्हणत होत्या, पण गळ घातली ती दलसिंगनेच. पूजा न झालेल्या यंत्राने कोणाचं भलं केल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं.

यंत्रावर नारळ फोडता येईना, म्हणून आप्पांनी तो सेन्सरला खेटून कठड्यावर आपटला. नारळ चिवट निघाला. आपटून आपटून आप्पा घामाघूम झाले. आप्पांनी फोडला म्हटल्यावर विरोधी पार्टी कशी मागे राहील? त्यांनी प्रकाशा गावाहून पोतंभर नारळ मागवले होते. येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनेही गाडी उभी करून एक फोडून घेतला. प्रसाद वाटून व्हायच्या आत निरोप पुण्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून दलसिंगच्या मोबाइलवर आला. पुलाला भयंकर हादरे बसत आहेत, तपास होईपर्यंत वाहतूक थांबवा. दलसिंगच्या घशात खोबरं अडकलं.

"आप्पा, तुम्हना नारयघाई पूल नापास व्हयना," सगळं खापर नारळावर फोडत तो म्हणाला.

"नारयघाई जो पूल नापास व्हस, तो पूल कसाना?" आप्पांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता, पण दलसिंगला तो ऐकायचाच नव्हता. पूजेचे व्हिडिओ गावात प्रत्येकाच्या मोबाइलवर होते. ते गोळा करून तो मॅडमच्या लॅपटॉपसमोर बसला आणि हा हादरा आप्पांचा, हा विरोधकांचा, हा ड्रायव्हरचा, असं एकेक जुळवून दाखवू लागला. मॅडम आधी हसल्या, मग त्यांना पटलं. नारळ वगळून पूल तपासा, असं पुण्याला कळवण्यात आलं. दलसिंगने त्याच संध्याकाळी आईला सांगून टाकलं की पूल पास झाल्यात जमा आहे.

पुण्याने नारळ वगळले. त्यांच्या उंचच उंच उड्यांपुढे आलेखावरची बाकीची रेघ आतापर्यंत सपाट दिसत होती. उड्या गेल्या तशी ती रेघ मोठी होऊन समोर आली. प्रत्येक गाडीबरोबर पुलाचा मधल्या खांबांमधला गाळा थोडा खाली जात होता आणि पूर्ण वर येत नव्हता. पूल खरोखरच खचत होता.

मॅडमनी फोन करून दलसिंगचं मनापासून अभिनंदन केलं. त्याने हट्ट धरला नसता तर हे कोणाला दिसलंच नसतं, असं त्या म्हणाल्या. अहवालात त्याचं नाव होतं. पाठोपाठ आलेल्या आदेशातही होतं. पूल वाहनांना आणि पायी चालणाऱ्यांनाही बंद, अंमलबजावणीची जबाबदारी दलसिंग गिरासे यांची. आप्पा गावभर सांगत सुटले, "मी तवयच सांगेल व्हतं, नारय कमी पडनात."

पिंपं आडवी लावून दलसिंग गावाकडच्या टोकाला उभा राहिला. पहिली आली ती नानीबाई, हातात काठी, पिशवीत दवाखान्याची फाईल आणि भाकर. त्याला वाटलं, नदीत उडी घ्यावी, पण नदीला पाणी नव्हतं.

"माय, पूल बंद शे."

"कोनी बंद करा?"

पुण्याचं नाव घ्यावं, यंत्राचं घ्यावं, आप्पांचं तर नक्कीच घ्यावं, असं त्याच्या फार मनात आलं.

"मी," तो म्हणाला.

म्हातारीने पुलाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मंग पक्का बंद व्हई. तू काम अर्धं सोडस नही."

तिच्या आवाजात कौतुक होतं, आणि तेच त्याला सोसवेना. त्याने जीप मागवली, तिला हात धरून चढवलं, पाठीशी गोधडी लावली. ड्रायव्हरला डोंगराच्या वळशाने हळू चालवायला सांगितलं. तिने शेजारची जागा हाताने झटकून त्याच्यासाठी मोकळी केली.

दलसिंगला बसता आलं नाही. पूल सोडून जायची त्याला परवानगी नव्हती.