उस्मानचाचाची दारं

बंद दार दिसलं की उस्मानचाचाचे हात शिवशिवत. चौसाळ्यात कोणाचंही दार असो, जाता जाता उघडणारच. एकदा पाटलांच्या न्हाणीचं उघडलं. आत पाटीलच होते. चाचानं मार खाल्ला, धूळ झटकली आणि पाटलांनी लावून घेतलेलं दार पुन्हा उघडलं.

सगळ्यांत जास्त नुकसान माझं. डोक्यावर घासलेटचे डबे वाहून मी दुकान उभं केलं, कोणाच्या बापानं दिलं नाही. मागची कोठी मी बंद करायची, यानं उघडायची आणि शेळ्यांनी शेंगा फस्त करायच्या. भांडलो की म्हणणार, "शेठ, वारं लागू द्या की!"

तरुणपणी हा मुंबईला जाऊन घासलेटच्या जहाजावर खलाशी झाला होता. जर्मनच्या लढाईत पाणबुड्यांनी ते जहाज दोनदा फोडलं, तरी बुडालं नाही. बाजारात लोक विचारत, "चाचा, तुमी वाचलात कसे?"

"जहाज वाचलं," एवढंच तो म्हणे.

एकदाच, माझ्या ओट्यावर, पुढचं बोलला. जहाजाला खाली भगदाड पडलं. पाणी पसरू नये म्हणून साहेबानं लोखंडी दार लावायला सांगितलं. चाचानं लावलं. आत तिघं होते. त्यांतल्या पाटोद्याच्या कासिमला तर चाचानंच नोकरीला नेलं होतं. ते आतून ठोकत राहिले.

मी ऐकून घेतलं आणि म्हणालो, "ते खरं, पण माझ्या शेंगांचं काय?"

पुढच्याच बाजारी शेळ्या पुन्हा कोठीत. माझं डोकं फिरलं. चाचाला आत ढकललं आणि कडी घातली. म्हटलं, ठोकेल, हातापाया पडेल. मग पुन्हा दाराला हात लावणार नाही अशी त्याच्याकडून शपथ घेऊ आणि सोडू. सौदा माझ्या हातात होता.

बाजार उठत आला. आतून आवाज नाही. शेवटी मीच कडी काढली.

चाचा पोत्यावर बसला होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले.

"चाचा, ठोकलं कावून न्हाई?"

"ठोकून काय व्हतंय, शेठ? भाईरच्याला ऐकू येतं. पर तो उघडत न्हाई."

ती कडी मी त्याच दिवशी उपटून टाकली. चाचा मात्र त्यानंतर गावात कोणाचंच दार उघडायला आला नाही.