परकारभाईंचा कच्चा ड्रायव्हर

परकारभाई नाश्त्याच्या वेळी दारात दिसले की मी काही न विचारता माझ्या मॉनिटरची वायर सोडायला लागतो.

"साहेब, अर्धा तास द्या. आपला स्क्रीन काळा पडलाय. ड्रायव्हर मेला की मॉनिटर, तेवढं बघतो."

मॉनिटर कधीच मेलेला नसतो. मेलेला असतो ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाकडून स्क्रीनवर चित्र उमटवून घेणारा प्रोग्राम. परकारभाई ऐरोलीतले आमचे समोरचे शेजारी. मूळचे श्रीवर्धनकडचे, जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेला. निवृत्तीनंतर माणसं कुंड्यांत मिरच्या लावतात. यांनी बाजारात न आलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमी चाखायचं मनावर घेतलं. कच्ची सिस्टिम, तिच्यावर त्याहून कच्चा ड्रायव्हर. बिघडलं की कंपनीला कळवायचं आणि उत्तराची वाट बघायची.

"चावायचं तर आधी मला चावू दे," हे त्यांचं पालुपद. सोसायटीत नवी लिफ्ट बसली तेव्हाही हेच म्हणून पहिले आत शिरले आणि दोन मजल्यांच्या मध्ये लटकले. बाहेर आले ते घामाघूम, पण खुशीत. "बघितलंत? तुमी कोण गेला असता तर?"

यांची तपासणीही अजब. गेम नाही, सिनेमा नाही. मस्कतला असलेल्या नातवाचा फोटो भिंतीएवढा मोठा करायचा आणि डावीउजवीकडे सरकवत बसायचं. त्यांच्या पत्नी सकीनाभाभी मला म्हणायच्या, "रिटायर झाले, पन खेळ काय सुटत नाय." मीही हसायचो. म्हातारपणाचा चळ, दुसरं काय!

मध्यंतरी बरेच दिवस मॉनिटर मागायला कोणी आलं नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं, म्हणून मीच गेलो. परकारभाई पडक्या चेहऱ्याने बसले होते. भाभी बाजारात गेल्या होत्या.

"साहेब, सकीनाची नजर गेल्यात जमा हाय. फोटो खूप मोठा केला तरच तिला पोर दिसतो. या नव्या सिस्टिममध्ये मोठा केला की चेहऱ्याचे तुकडे होतात. कळवून कळवून थकलो. आणि आता हीच सिस्टिम तिच्या कम्प्युटरवर पन येनार."

"भाभींना सांगितलंत?"

"सांगितलं तर म्हनेल, राहू दे. तिला राहू दे म्हनायची सवय हाय."

इतकी वर्षं ज्याला खूळ म्हणून हसलो, ती राखण होती.

गेल्या रविवारी मात्र त्यांनी बेल दाबूनच धरली. मला हाताला धरून नेलं. नवा ड्रायव्हर आला होता. मस्कतहून लेकीने त्याच सकाळी पाठवलेला नातवाचा फोटो त्यांनी मोठा केला, आणखी मोठा केला, सरकवला. चेहरा अखंड! या कानापासून त्या कानापर्यंत कुठे चीर नाही. परकारभाई मटकन खुर्चीत बसले. "सुटलो बाबा," म्हणाले. माझाही जीव भांड्यात पडला.

आवाज ऐकून भाभी आल्या आणि स्क्रीनला जवळजवळ नाक लावून उभ्या राहिल्या.

"दात पडला वाटतं याचा. जरा खाली घ्या बघू. शर्ट कुठला घातलाय?"

परकारभाईंनी फोटो सावकाश वर सरकवला. कॉलर आली, एक बटण आलं, मग खिशावरचं निळं भरतकाम.

भाभींनी बोट ठेवलं. "हा मी शिवलेला. नजर होती तेव्हाचा. मोठा होईल तेव्हा घाल म्हनून दिला होता."

परकारभाईंनी माउसवरचा हात काढला. फोटो तिथेच थांबू दिला.