आईच्या जॅमचा नमुना

भेसळ तपासणाऱ्या काडेपेटीएवढ्या त्या यंत्रावर अन्न खात्यातल्या साहेबांचा पहिल्या दिवसापासून राग होता. एवढ्याशा वस्तूसाठी फीत काय कापायची, असं त्यांना वाटे. जॅम, सरबत, काहीही असो, त्याचा एक थेंब यंत्रातल्या लोकरीच्या धाग्यावर टाकायचा आणि धागा धुवायचा. फळाचा रंग वाहून जातो, कारखान्यातला चिकटून बसतो, आणि उरलेला रंग आतला कॅमेरा मोजतो. प्रात्यक्षिकासाठी एक भेसळीचा नमुना हवा होता आणि एक निर्भेळ. भेसळीचे नमुने प्रयोगशाळेत खंडीभर पडले होते. निर्भेळ कुठून आणायचा?

तंत्रज्ञ बाईंना घरचा स्ट्रॉबेरी जॅम आठवला. आईला जाऊन आठ महिने झाले होते आणि तिच्या हातची शेवटची बरणी फडताळात होती. वडील ती उघडत नसत, नुसती पुसून ठेवत. ते बाहेर गेलेले पाहून लेकीने दोन चमचे काढले आणि झाकण होतं तसं लावून टाकलं.

पाहुण्यांसमोर भेसळीचा धागा लाल झाला. आईचा त्याहून लाल झाला.

साहेबांनी यंत्र बिघडल्याचं जाहीर केलं. मग दुसरं यंत्र लावलं, त्यानेही तेच दाखवलं, तिसऱ्यानेही. चमचाच खराब असेल म्हणून बाई घरी जाऊन पुन्हा जॅम घेऊन आल्या, उत्तर तेच. वीसच्या वीस यंत्रं परत पाठवायचं पत्र टाइप झालं आणि ती पुरवणारा माणूस रडकुंडीला आला. बाई तिसऱ्यांदा घरी पोचल्या, तेव्हा वडील अर्धी बरणी समोर घेऊन बसले होते.

लेकीने सगळं सांगितलं. मग खाली मान घालून म्हणाली, "बाबा, आईच्या जॅममध्ये रंग आहे."

"तिने नाही घातला. मी घातला."

शेवटच्या वर्षी आईला नीट दिसत नव्हतं. जॅम ढवळून ती चमचा खिडकीशी धरायची आणि रंग आला नाही, आता माझ्याच्याने होत नाही, म्हणून रडायची. एकदा तिची पाठ वळल्यावर वडिलांनी खायच्या रंगाच्या बाटलीतले तीन थेंब पातेल्यात टाकले. त्या दिवशी ती पोटभर जेवली होती.

"तिला कधी कळलं नाही?"

"कळलं असावं. पुढच्या खेपेला ती बाटली तिनेच काढून माझ्या हाताशी ठेवली होती. बोलली मात्र काही नाही."

बाईंनी तिथूनच फोन करून यंत्रं बरोबर असल्याचं कळवलं. साहेबांनी पत्र फाडलं. पण भेसळ सापडली की फॉर्म भरावाच लागतो, मग घर कुणाचं का असेना. दुसऱ्या दिवशी वडील स्वच्छ शर्ट घालून ऑफिसात आले. नाव, पत्ता, पदार्थ त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. 'रंग मिसळण्याचे कारण' या रकान्यात मग त्यांनी लिहिलं, 'बायको रडत होती.'

साहेबांनी फॉर्म दोनदा वाचला. 'कारवाई'समोर काहीही न लिहिता त्यांनी सही केली आणि म्हाताऱ्यांसाठी चहा सांगितला.