पांढऱ्या नळाचा पाडाव

श्रीगजाननास नमन, भट्टीच्या अग्नीस नमन, आणि टाकींत कोंडलेल्या वाऱ्यास चार हात दुरून नमन. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन मास. ते समयीं औद्योगिक वसाहतींत पत्र्याचे छपराखालीं एक राज्य नांदत होतें. ठोकर लागलेल्या मोटारींचे पत्रे सरळ करावे आणि त्यांस रंग मारावा, हा त्या राज्याचा धर्म. गादीवर खासा विसाजीराव. राजे बहुत शूर, कोणास भीत नसत, एक राणीसाहेब मथुराबाई खेरीज करोन. आणि राणीसाहेबांस आपला धाकटा बंधु दिगंबरपंत याजहून शहाणा पुरुष त्रिभुवनांत दिसत नसे. येणेंकरून राज्य पंतांचे सल्ल्यानें चाले, आणि कधीं कधीं चालतही नसे.

त्या वर्षीं राज्यांत मोठा कॉम्प्रेसर दाखल जाहला. तो दिवसभर हवा गिळी आणि पोटांत दाबोन ठेवी, आणि ऐसा गुरगुरे कीं चहावाला दारांतच किटली ठेवोन पळे. मग प्रश्न पडला कीं ही हवा टाकींतून रंगाच्या बंदुकांपावेतों न्यावी कोणत्या नळानें. मसलत बसली. कोणी काळा लोखंडी पाईप सांगितला, कोणी तांबें, कोणी ॲल्युमिनियम, आणि राजे सर्वांस मान डोलवीत राहिले. इतक्यांत पंत आपल्या नव्या घराचे नळकामांतून उरलेले पीव्हीसीचे पांढरे पाईप खांद्यावर घेऊन प्रवेशते जाहले.

पंत बोलिले, "दाजी, लोखंड गंजतं, उचलताना कंबर मोडते. हा बघा, हलका फूल! कापला, सोल्युशन लावलं, चिकटला. आणि दाब किती सोसतो ते वर छापलेलंच आहे की."

राजे म्हणाले, "पण तो पाण्याचा ना?"

"पाणी जड की हवा जड? जे पाण्यानं फुटत नाही ते हवेनं काय फुटणार?"

हें ऐकोन दरबार थक्क जाहला, आणि राजांनीं यासही मान डोलविली. मग नळ छपराखालून फिरविला, बोअरचें पाणी पंपानें दाबोन भरिलें, आणि एक थेंब गळला नाहीं. पंतांनीं मिशीवर ताव दिला. मग पाणी सोडोन हवा भरिली, तीही राहिली, आणि राणीसाहेबांनीं घरीं बासुंदी केली.

पुढें खंडेनवमी आली. यंत्रांस झेंडूच्या माळा घातल्या, पान्यांस हळदकुंकू लाविलें, कारागिरांचीं बायकामुलें नवीं लुगडीं-झबलीं लेवोन आलीं. पंतांनीं बहिणीकरितां गादीची खुर्ची आणविली आणि ऐन मध्यभागीं, जेथें फोटो चांगला येईल तेथें, आपल्या हातें मांडिली. तों राजांच्या वडील भगिनी गोदाक्का यांची स्वारी आली. त्या शेजारचे तालुक्यांत टायरांचें राज्य करीत. उंबऱ्याशीं येतांच त्यांची नजर वर गेली आणि पाऊल जागींच थांबलें.

"विसाजी! हा पांढरा नळ कसला रे?"

"हवेचा, आक्का."

"अक्कल गहाण टाकलीस का? माझ्याकडे असलाच फुटला होता, तुकडा पत्रा फाडून बाहेर गेला! अरे, पाण्याचा नळ फुटला तर पाणी सांडतं. हवेचा फुटला तर नळच उडतो, सुऱ्यांसारखा! कोंडलेली हवा ती. त्यात उन्हानं, गरम हवेनं, तेलाच्या वाफेनं हा आणखी कडक होतो. मी आत पाय ठेवायची नाही."

राजांचा जीव कात्रींत सांपडला. नळ उतरवावा तर मेहुण्याचा अपमान, मग घरीं अन्न गोड लागणें नाहीं. न उतरवावा तर इतकीं माणसें त्याच नळाखालीं बसलेलीं. राजे घाम पुशीत म्हणाले, "आधी पूजा होऊ दे, मग बघू," आणि स्वतःचेंच बोलणें त्यांस आवडलें नाहीं.

परंतु थोरली नणंद उन्हांत उभी आणि आपण आंत गादीवर बसावें, ही रीत नव्हे. सबब राणीसाहेब त्यांस मनविण्यास बाहेर गेल्या. राणीसाहेब गेल्या म्हणोन बायका गेल्या, बायकांमागें मुलें, मुलांमागें बाप, आणि पेढ्यांचें ताट बाहेर गेलें ऐसें पाहोन गुरुजीही गेले. शेवटीं पंत रागानें लाल होऊन वाद घालण्यास निघाले, आणि पंतांस आवरण्यास राजे. कॉम्प्रेसर बंद करण्याचें भान कोणास राहिलें नाहीं.

"आक्का, शास्त्र काय सांगतं..." इतकें पंत बोलिले, तों आंत ऐसा आवाज जाहला कीं गुरुजींनीं पेढा सगळाच गिळिला.

धूळ बसल्यावर सर्व आंत गेले. झेंडूच्या पाकळ्या चहूंकडे, नळाच्या चिरफळ्या भिंतींत रुतलेल्या, आणि राणीसाहेबांचे खुर्चीच्या पाठींत वीतभर पांढरें पातें उभें. पंतांचा चेहरा उतरला. "ताई, ही खुर्ची मीच मांडली गं," ऐसें म्हणोन ते मुलासारखे रडों लागले.

राणीसाहेबांनीं पातें उपटिलें, भावाचे डोळे पदरानें पुसले आणि म्हणाल्या, "दिगू, उद्या लोखंडाचा पाईप आण. आणि तूच उचल." मग राजांकडे वळोन, "आणि तुम्हांला दिसत होतं ना? मग मला का नाही सांगितलंत? मी काय खाते का तुम्हांला?" राजे तडक कॉम्प्रेसर बंद करावयास गेले.

ऐसा पांढऱ्या नळाचा पाडाव जाहला. त्याचा धड राहिलेला तुकडा बागेंत झाडांस पाणी देण्याचे चाकरीस लागला, आणि तेथें उत्तम चालला. काळा लोखंडी नळ भिंतीनें, किंचित उतारानें गेला, म्हणजे दाबल्या हवेंतून सुटोन आंत साचलें पाणी शेवटच्या तोटींतून काढितां यावें. पंत आजही सल्ला देतात. परंतु नवमीस पूजेआधीं कॉम्प्रेसर पुरा भरवितात, सर्वांस बाहेर काढितात, नळाखालीं बहिणीची खुर्ची मांडोन तीवर डोळे मिटोन एकटे बसतात, आणि टाकी भरोन कॉम्प्रेसर आपोआप थांबला म्हणजे हांक मारितात, "ये ताई, बस आता."