शेट्येकाका, डोंगर आणि कुलूप

आखातात, मनामाजवळच्या सनाबिसला आमच्या मजल्यावर शेट्येकाका राहतात. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघतात. लिफ्टपर्यंत जातात, परत येऊन पुन्हा ओढतात. मग माझी बेल वाजते. "जोशी, जरा ओढा." मी पायजम्यात बाहेर येऊन त्यांचं कुलूप ओढतो. तेव्हा त्यांची नजर माझ्या हातावर असते, कारण मी नीट ओढलं की नाही याचाही त्यांना संशय.

काका मूळचे रत्नागिरीचे. जवळच्याच सीफ भागातल्या एका हॉटेलच्या स्टोअरचे ते इन्चार्ज, त्यामुळे आयुष्य आलेला माल उघडून बघण्यात गेलं. "यात पाणी मुरतंय" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मॉलमध्ये सेल लागला, पाणी मुरतंय. टॅक्सीवाला हसून बोलला, पाणी मुरतंय. मी एकदा त्यांना साबुदाण्याची खिचडी नेऊन दिली तर म्हणाले, "काय काम काढलंत?" काम खरंच होतं, ही गोष्ट वेगळी.

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीने पेरू देशातला नवरा शोधला. सई कापडावरचे रंग शिकायला अँडीजच्या डोंगरात गेली होती. तिथल्या एका विणकर घरातला मातेओ तिला आवडला. तिने फोटो पाठवला. मातेओच्या मागे पट्ट्यापट्ट्यांचा डोंगर होता, लाल, पिवळा, हिरवट. काकांनी बोटांनी डोंगर मोठा करून बघितला, जावयाकडे बघितलंच नाही.

"डोंगराला कोण रंग देतं हो? ज्याच्या गावचा डोंगरच खोटा, तो पोरगा कसला खरा?"

सई फोनवर शांतपणे म्हणाली, "बाबा, जस्ट कम अँड सी. तुम्ही नो म्हणालात तर नो."

आता आली का पंचाईत! काका एकटे जायला तयार नव्हते. बाकी जगापेक्षा माझ्यावरचा अविश्वास जरा कमी, म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. मला ते डोंगर बघायचे होते आणि त्यांना डोंगरामागचं कारस्थान.

गावाकडे जाताना प्रत्येक वळणावर दरीचा रंग बदलत होता. घरांच्या ओट्यांवर मक्याची कणसं वाळत होती, लाल घागरे घातलेल्या बायका शेतातून बटाटे काढत होत्या. मी खिडकीला चिकटलो होतो. काका ड्रायव्हरच्या डोळ्यांवर लक्ष ठेवून होते. उंचीवर दम लागतो म्हणून आम्हाला न्यायला आलेल्या मातेओने कोकाच्या पानांचा चहा दिला, तो काकांनी आधी मला पाजला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

शेवटी त्या डोंगरासमोर उभे राहिलो. काकांनी खिशातून रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि डोंगर पुसला. रुमाल लाल झाला.

"बघा! सुटतोय!"

मातेओ बिचारा हातवारे करून सांगत होता की ती माती आहे. काकांनी रुमाल पुरावा म्हणून पिशवीत घातला. सईचा चेहरा एवढासा झाला. लग्न मोडल्यातच जमा आहे, असं मलाही वाटलं.

मग मातेओची आई भेटली. काकांनी मनामाहून आणलेला हलवा पुढे केला. बाईंनी वास घेतला, डब्याचं बूड तपासलं, आधी मातेओला खायला लावलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. काका सावरून बसले. बाईंनी त्यांच्या शर्टाची बाही चिमटीत धरून चोळली आणि सईला काहीतरी विचारलं.

"शी इज आस्किंग," सई कसंबसं म्हणाली, "हे प्युअर कॉटन आहे का?"

"सांग, मिक्स आहे म्हणून." काकांच्या आवाजात चक्क आदर होता.

दुसऱ्या दिवशी सगळे बाजाराला निघालो. बाईंनी दाराला कुलूप लावलं, ओढलं. कुंपणापर्यंत आल्या, परत गेल्या, पुन्हा ओढलं. मग सईकडे बघितलं. सई मुकाट्याने गेली आणि तिनेही ओढून बघितलं.

काका तिथेच दगडावर बसले. मला वाटलं, उंची बाधली.

"जोशी, हिची आई गेली तेव्हा ही दुसरीत होती," ते म्हणाले. "हिला घरात ठेवून मी ड्यूटीला जायचो. बाहेरून मी कुलूप ओढायचो, आतून ही कडी ओढायची. 'बाबा, लागलंय' म्हणाली की मग माझा पाय उचलायचा." त्यांनी तोच लाल रुमाल काढून डोळे पुसले. "माझ्या मागे हिच्या घराची कडी कोण बघणार, एवढंच बघायला आलो होतो हो."

"मग? पाणी मुरतंय?"

"डोंगरात मुरतंय. घरात नाही." आणि सईकडे वळून म्हणाले, "हो म्हणून टाक, बाय."

लग्न झालं. सई तिकडेच राहिली. काका पहाटेच्या ड्यूटीला निघतात तेव्हा तिकडे रात्रीची निजानीज चाललेली असते. परवा माझी बेल वाजली नाही, तेव्हा मलाच संशय आला. दार किलकिलं करून बघितलं. काका कुलपासमोर फोन धरून उभे होते. पडद्यावर मातेओची आई आतून कडी ओढून दाखवत होती. काकांनी इकडचं कुलूप ओढून दाखवलं. दोघांना एकमेकांच्या भाषेतलं अक्षर कळत नाही.

"सई?" काकांनी विचारलं. बाईंनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

"खलास, झालं काम," म्हणून काकांनी फोन खिशात टाकला. मी दिसलो तसे म्हणाले, "लागलंय हो, जोशी. पोरगी आत आहे." आणि मागे न बघता लिफ्टमध्ये शिरले.

मी बाहेर आलो आणि त्यांच्या रिकाम्या घराचं कुलूप एकदा ओढून बघितलं.