अकरा जणांचे पिवळे तळहात

डोळ्यांचे डॉक्टर पुण्यात पैशाला पासरी मिळतील. पण डोळ्यांबरोबर जेवणाचाही सल्ला देणारा दवाखाना आमच्या सबंध पट्ट्यात एकच होता, आणि तो कासारवाडी स्टेशनाजवळ माझा होता. साल चौऱ्याहत्तर. माझी बायको मृदुला लग्नाआधी आहारशास्त्र शिकली होती. ते शास्त्र दहा वर्षं फक्त मला दुसरी जिलबी नाकारण्यासाठी वापरलं जात होतं. मी ठरवलं, त्याचा लाभ जनतेलाही मिळाला पाहिजे. पडद्यापलीकडे तिचं टेबल मांडलं आणि 'डोळे तपासणी व आहार सल्ला' अशी पाटी रंगवून घेतली.

"तुमचं नाव हातभर मोठं आहे. माझं कुठाय?" मृदुलानं विचारलं.

"आहार सल्ला म्हणजे तूच की."

ती पडदा ओढून आपल्या टेबलाशी जाऊन बसली. मी चष्मा पुसला. या बेतात चुकण्यासारखं काही नव्हतंच.

माझी एक सवय मात्र सांगायला हवी. पेशंटला मी दारापर्यंत सोडायला जातो आणि तिथं आपल्याकडून एक जादा सल्ला देतो, फुकट. लोकांना बरं वाटतं. निदान मला तरी वाटतं.

पहिला आला नवाब. बार्शीकडचा, काळेवाडीत खोली घेऊन एकटा राहणारा, एका कंपनीत क्रेन चालवणारा. दीड वर्षं टेंपररी होता. जानेवारीअखेर कंपनीचं मेडिकल होतं. त्यात पास झाला तर परमनंट, आणि परमनंट झाला तरच बायको नजमुन्निसाला इकडं आणणार.

"साहेब, दिवसा समदं झ्याक दिसतंय," तो म्हणाला. "दुसऱ्या शिफ्टला दिवेलागण झाली की हूक अंधूक होतोय. कुनाला बोललो न्हाई अजून."

डोळे तपासले. नंबर नव्हता. जेवण विचारलं तर चहा-पाव, पाव-चहा. मी त्याला पडद्यापलीकडे पाठवलं. मृदुलानं चिठ्ठी लिहून दिली: रोज एक गाजर, मेथी किंवा राजगिरा, आठवड्यातून दोनदा अंडी.

दारात मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "एक कशाला? थंडीची गाजरं आहेत, खा हवी तेवढी. गाजरानं कुणाचं वाईट झालंय?"

नवाब मनापासून हसला. मलाही फार समाधान वाटलं.

पंधरा दिवसांनी तो हूक स्वच्छ दिसतो म्हणून सांगायला आला. ही बातमी त्याच्या शिफ्टमध्ये पसरली. मेडिकल आणखी दहा जणांचं होतं. त्यातला भिमाजी चऱ्होलीचा, घरची शेती, शेतात गाजरं. तो सायकलवर पोतं घालून आणू लागला. डब्यात गाजर, चहाबरोबर गाजर, ओव्हरटाइमला गाजर. इकडे आमच्या घरीही तेच. भिमाजीनं मला अर्धं पोतं भेट दिलं होतं. मृदुलाला गाजराचा वाससुद्धा सोसत नाही, त्यामुळे सगळं मला एकट्यालाच संपवायचं होतं. मी अन्न टाकत नाही.

जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी अकराच्या अकरा जण दवाखान्यात शिरले. नवाबचा चेहरा पडला होता. त्यानं हात पुढे केले. तळहात हळदीत बुडवल्यासारखे पिवळे.

"कंपनीचे डॉक्टर म्हनले, कावीळ," तो म्हणाला. "ऱ्हावा म्हनले घरी महिनाभर. आन् परमनंटची यादी उद्या दुपारी बंद हुतीय."

"कँटीन बंद केलंय," भिमाजीनं भर घातली. "पान्याची टाकीबी रिकामी केली. आमी काय दूषित खाल्लं, आमाला ठावं न्हाई."

मी घाईनं तपासणी सुरू केली. अकरा जिभा पाहिल्या, अकरा पोटं दाबली, अकरा नाड्या मोजल्या. बाराव्या वेळी दिव्याखाली माझाच तळहात दिसला. पिवळाधमक!

"मृदुला," मी क्षीण आवाजात म्हणालो, "विम्याचे कागद कपाटात वरच्या खणात आहेत."

ती पडद्याआडून आली. माझा हात बघितला, नवाबचा बघितला.

"भूक लागते का?" तिनं मला विचारलं.

"दुपारी सहा पोळ्या खाल्ल्या. शेवटच्या असतील."

"अहो, तुम्ही डोळ्यांचे डॉक्टर ना? मग त्यांच्या डोळ्यांत बघा की."

डोळेच तेवढे राहिले होते. मी टॉर्च घेतला. बावीस डोळे, आणि बावीसही पांढरेशुभ्र. कावीळ आधी डोळ्यांत दिसते, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

"रोज किती गाजरं खाता?" मृदुलानं नवाबला विचारलं.

"दीड किलो. येखाद्या दिशी दोन."

"ही कावीळ नव्हे, गाजराचा रंग कातडीत उतरलाय. मी एक लिहिलं होतं. एक किलो नव्हे, एक गाजर."

"व्हय बाई. पर डॉक्टरसाहेब दारात म्हनले, हवी तेवढी खा."

अकरा जणांनी माझ्याकडे पाहिलं. मृदुलानंही पाहिलं. त्यापेक्षा कावीळ परवडली असती.

शनिवारी सकाळी अकरा जणांना घेऊन मी कंपनीच्या गेटवर हजर. मृदुलाही आली, मी आणखी काही बोलू नये म्हणून. कंपनीच्या डॉक्टरांनी एकेकाला उन्हात उभं करून डोळे पाहिले, लघवी तपासली, शेवटी माझे तळहात पाहिले आणि विचारलं, "तुम्हीही यांच्याबरोबर गाजरं खात होता?" मी हात खिशात घातले. मग त्यांनी अंधाऱ्या खोलीत नवाबची नजर तपासली. त्यानं खालची बारीक ओळसुद्धा अडखळल्याशिवाय वाचली. दुपारी यादी लागली, त्यात बाकीच्यांबरोबर त्याचंही नाव होतं. तो गेटपाशीच रडला आणि खरं सांगतो, माझेही डोळे भरून आले.

मार्चमध्ये नजमुन्निसा काळेवाडीत राहायला आली. पहिल्याच आठवड्यात अशक्तपणासाठी मृदुलाकडे आली, चिठ्ठी घेतली, नीट घडी करून बटव्यात ठेवली. मी सवयीनं तिला सोडायला दारापर्यंत गेलो आणि तोंड उघडलं.

तिनं अदबीनं मान लववली आणि पदर दोन्ही कानांवरून घट्ट ओढून घेतला.

"रागावू नका साहेब," ती म्हणाली. "आमच्या ह्यांनी बजावलंय. चिठ्ठी बाईंकडून घ्यायची, आणि डॉक्टरसाहेब दारात आले की कान झाकायचे."