पहिल्या आसनाची मोहीम

श्रीकृपेंकरून उजी नगरीं कार्तिकमासीं जो घोर प्रसंग गुदरला, त्याची हकीकत येणेंप्रमाणें. आसनासाठीं राज्यें लढलीं हें सर्वश्रुत; आसन टाळावयासाठीं जुंपली ती हीच.

पूर्वीं सरकारांनीं दोनशें वर्षें मुलूख परक्यांस बंद ठेविला आणि मग तह होऊन खुला केला. परंतु मकाबे घराण्यानें तो तह मानिला नाहीं. हल्लींच्या धनीण, चहाविद्येंतील उस्ताद तोयोनोबाईसाहेब, उमर अठ्ठ्याहत्तर, यांचे चहागृहाचा उंबरा परक्यानें ओलांडिला नव्हता.

ते दिवशीं बाईसाहेबांनीं स्वहस्तें कोळसा रचिला, आणि किटली गुणगुणूं लागली, आणि चार पाहुणे दाखल जाहले. पहिले आसनीं बसेल त्याणें सर्वांतर्फें चहाच्या वाडग्याची वास्तपुस्त करावी, चुकल्यास अब्रू जावी. आणि तें आसन भरल्यावांचून चहा घुसळूं नये, ऐसा शिरस्ता. नेहमींचे मानकरी मठाचे महंत पडशानें बेजार, आलेच नाहींत. सबब दोघां पाहुण्यांनीं मधलीं आसनें पटकाविलीं, डाकखान्याचे माजी अंमलदार ओरितासाहेब यांणीं पिछाडी घेतली, आणि दंतवैद्यांचे कुटुंब सुगायाबाई गुडघ्यांवर सरकत शेवटचा कोपरा काबीज करित्या जाहल्या.

"तुम्ही वडीलधारे असताना मी कशी बसू?" सुगायाबाईंचा मारा.

"अहो, मला वाडग्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्हीच बसा." ओरितासाहेबांचा प्रतिमारा.

अर्धा तास चकमक चालली. बाईसाहेबांचा जीव टांगणीस लागला. कोळसा ढासळला, किटलीचें गाणें मंदावलें. पन्नास वर्षांत न मोडलेला चहा आज मोडूं पाहत होता.

इतक्यांत शेजारची वलंदेज, म्हणजे डच, तरुणी हेंड्रिका लोणच्याचें भांडें परत द्यावयास दारीं आली. बाईसाहेबांनीं निखाऱ्याकडे पाहिलें, पूर्वजांचें स्मरण करून क्षमा मागितली, आणि फर्मान सुटलें.

"भांडं ठेव तिथंच. आत ये. ती रिकामी जागा दिसतेय ना? बस."

ती बसली. चहा जाहला. मग तिणें वाडगा फिरवून पुसिलें, "आजी, हा कुणी केला हो?"

हेंच विचारावयाचें असतें. आजवर विचारणारे पुष्कळ जाहले, परंतु जाणून घ्यावयासाठीं विचारणारी ही पहिलीच. बाईसाहेब वदल्या,

"माझ्या नवऱ्यानं. आयुष्यात एवढा एकच जमला त्याला."

येणेंप्रमाणें फत्ते जाहली, आणि हेंड्रिकेस कायमचें निमंत्रण बहाल जाहलें. पुढील महिन्यांत ती रीतसर पोशाख करून आली, पहिलें आसन पाहून थबकली, आणि ओरितासाहेबांस लवून म्हणाली, "छे छे, तुम्ही वडीलधारे असताना मी कशी बसू?"

तेव्हां बाईसाहेबांनीं जाणिलें कीं पोर आतां परकी राहिली नाहीं. मकाबे घराण्याचा तह ते दिवशीं संपूर्ण जाहला, ऐसें दफ्तरीं नमूद असे. कोळसा मात्र पुन्हां ढासळूं लागला.